काट्यावरचे वजन आणि धावत्या टिपरचा भार: साकवावरच्या स्ट्रेन गेजचे कॅलिब्रेशन क्रमाने कसे करावे

टिपर साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, धावत गेला. साकवाच्या गर्डरवर (मुख्य तुळईवर) चिकटवलेला स्ट्रेन गेज भाराने पोलाद किती ताणले जाते ते, म्हणजे स्ट्रेन, मोजतो; त्याच्या आलेखावर एक उंच टोक आले. त्या टोकाला वजनकाट्याच्या पावतीवरच्या वजनाने भागले आणि 'दर टनाला इतके मायक्रोस्ट्रेन' (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग फरक) असा आकडा वहीत लिहून टाकला. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या नोंदींमध्ये ही चूक सर्वांत जास्त दिसते. ती करणारी मंडळी हुशार असतात, यंत्रेही चांगली वापरतात, फक्त क्रम चुकलेला असतो.

पावतीवरचे वजन उभ्या गाडीचे असते. धावती गाडी आपल्या कमानींवर (स्प्रिंगांवर) वरखाली होत असते. त्यामुळे टोक आले त्या क्षणी चाक रस्त्याला वजनापेक्षा जास्त दाबत असेल किंवा कमीही. शिवाय साकव स्वतः थरथरत असतो, ते वेगळेच. म्हणून धावत्या गाडीने साकवावरच्या दीड-एक सेकंदात प्रत्यक्ष किती भार टाकला हे आधी परत उभे करायचे आणि मगच गेजचा गुणांक, म्हणजे तो दर टनाचा आकडा, ठरवायचा.

गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात ओहोळांवर असतात तसा १२ मीटर गाळ्याचा (गाळा म्हणजे दोन टेकूंमधले अंतर), चार पोलादी गर्डरांचा, वर काँक्रीट स्लॅब असलेला साकव मी उदाहरणाला घेतला आहे. आकडे त्याचेच आहेत. तुमच्या पुलासाठी ते नव्याने काढा.

## १. आधी कागदावर हिशेब

गेजचे पाकीट फोडण्याआधी किती स्ट्रेन येणार याचा अंदाज काढा. २७ टनांचा दहाचाकी टिपर धरू: पुढच्या एक्सलवर ७ टन, मागच्या जोड एक्सलवर २०. तीन एक्सलच्या अशा गाडीची कायदेशीर मर्यादा २८.५ टन आहे, तिच्या आतच राहा. जोड एक्सल गाळ्याच्या मध्यावर असताना एकूण आघूर्ण (गर्डरांना वाकवणारा परिणाम) सुमारे ५८० किलोन्यूटन-मीटर होते. चाकाखालच्या गर्डरकडे त्यातले ३५ टक्के गेले, तर २०० च्या आसपास. गर्डर आयएसएमबी ६०० (६०० मिलिमीटर उंचीची प्रमाणित पोलादी तुळई) असेल तर त्याचा छेद-मापांक, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याची छेदाची क्षमता, ३०६० घन सेंटिमीटर. म्हणजे ताण सुमारे ६५ मेगापास्कल आणि स्ट्रेन ३२५ मायक्रोस्ट्रेनच्या आसपास. स्लॅब आणि गर्डर एकसंध काम करत असतील तर आकडा बराच खाली येईल.

यातूनच दुसरा आकडा काढून ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडतो. एक टन एक्सल मध्यावर असताना सुमारे १७ मायक्रोस्ट्रेन येतात. तोच एक्सल टेकूपासून अर्ध्या मीटरवर असताना जेमतेम दीड येतो.

तपासा: प्रत्यक्ष स्ट्रेन अंदाजाच्या दुप्पट किंवा पाव आला तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा गेज फॅक्टर (गेजच्या रोधातला बदल आणि स्ट्रेन यांचे गुणोत्तर) चुकीचा भरलेला असतो किंवा ब्रिजची, म्हणजे रोधातला बदल मोजणाऱ्या चार भुजांच्या विद्युतमंडलाची, जोडणी चुकलेली असते.

## २. टिपर आणि काटा

टिपर खडीने भरा. रेती किंवा माती नको, कारण ती पाणी धरते आणि पावसाची एक सर आली तरी वजन बदलते. ताडपत्री घट्ट बांधा. वजन करताना आणि फेऱ्या मारताना गाडीत तीच माणसे बसलेली असू द्या.

एकूण वजनाने काम भागत नाही, प्रत्येक एक्सलचे वेगळे वजन हवे. आधी पुढचा एक्सल काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची जोडी. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता काट्याशी समपातळीत असला पाहिजे. रस्ता उतरता असेल तर एका एक्सलचे वजन दुसऱ्यावर सरकते आणि पावती खोटी ठरते. कमानपाट्यांच्या घर्षणामुळेही असेच होते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की जोडीतल्या दोन एक्सलांमधली वाटणी बदलते. म्हणून गाडी हळू आणा, गिअर न्यूट्रल करा, ब्रेक सोडा आणि मग आकडा घ्या. असे तीनदा करून सरासरी लिहा.

तपासा: पुढच्या आणि मागच्या वजनांची बेरीज पूर्ण गाडीच्या वजनाशी जुळते का? दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दुसरा काटा शोधा.

एक्सलांमधली अंतरे टेपने मोजा, दोन्ही बाजूंनी. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका.

## ३. गेज चिकटवणे

साकवाखालच्या कामासाठी ३५० ओहमचा गेज घ्या. १२० ओहमच्या गेजपेक्षा तो कमी तापतो आणि लांब वायरींचा त्रासही त्याला कमी होतो. त्यावरची तापमान-भरपाई पोलादासाठीची आहे ना, हे पाकिटावर पाहून घ्या. जागा ठरलेल्या: चारही गर्डरांच्या खालच्या फ्लँजवर (आडव्या पट्टीवर), गाळ्याच्या मध्यावर एकेक, आणि मधल्या दोन गर्डरांवर पाव गाळ्यावर एकेक. असे सहा झाले. चारही गर्डरांवर का, याचे उत्तर पाचव्या टप्प्यात येईल.

आता प्रत्यक्ष चिकटवणे. इथे घाई केली की पुढचे सगळे वाया जाते.

रंग आणि गंज ग्राइंडरने काढा, पण पोलादात खड्डा पडू देऊ नका. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग २२०, शेवटी ३२०. शेवटचे घासणे गेजच्या दिशेला ४५ अंशांनी तिरके, दोन्ही बाजूंनी, म्हणजे गोंदाला पकड मिळते. पेन्सिलने नव्हे, तर शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा पितळी सुईने हलक्या आखणीच्या रेघा मारा. मग अ‍ॅसिटोन. जाळीच्या कपड्याचा तुकडा घ्या, एकाच दिशेने पुसा आणि फेकून द्या. तोच तुकडा परत फिरवला तर आधी काढलेले तेल पुन्हा तिथेच लागते. शेवटचा तुकडा पांढराच राहीपर्यंत पुसत राहा. माझ्या अनुभवात एका गेजला बारा-पंधरा तुकडे लागतात.

गोव्यात खरा शत्रू दव आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला ओहोळाच्या वर गर्डर हवेपेक्षा गार असतो. फ्लँजवर हात फिरवला तर कोरडा वाटतो, पण बोट टेकवून उचलले की काही क्षण धूसर ठसा राहतो. तो ठसा दिसत असेल तर गेज पाकिटातून काढूच नका. साडेनऊ-दहापर्यंत थांबा किंवा हेअर ड्रायरने फ्लँज कोमट करा. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, पण ओलावा जास्त झाला की अंगठा ठेवण्याआधीच वरचा थर गोठतो आणि आतला कच्चा राहतो. असा गेज पहिल्या दिवशी बरोबर दाखवतो आणि तिसऱ्या दिवशी सरकायला लागतो.

गोंद लावला की टेफ्लॉनच्या पट्टीवरून अंगठ्याने एक मिनिट सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका.

सावधान: वर सीलंट लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नका. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि ते सोल्डर व तांबे खाते. आम्ल न सोडणारे सिलिकॉन घ्या. आधी मेणाचा थर, त्यावर ब्युटाइल रबराची पट्टी, वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. खारे वारे पोचते तिथे यातला एकही थर गाळू नका.

तपासा: गेज आणि गर्डर यांच्यातला इन्सुलेशन रोध मोजा. तो १००० मेगाओहमच्या वर हवा. त्यासाठी गेजला चालणाऱ्या कमी व्होल्टेजचा मीटर घ्या. ५०० व्होल्टचा मेगर लावला तर गेज जळू शकतो.

## ४. वायरी आणि शंट

गेजपासून तीन वायरी आणायच्या. दोन वायरींवर काम भागवण्याचा मोह मलाही झाला होता. तीस मीटर केबल, दुपारचा प्रयोग, वेळ कमी. ढग आला की शून्य खाली जायचे आणि ऊन आले की वर. अर्धा दिवस आम्ही गेजलाच दोष देत बसलो.

मग हिशेब केला. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर वायर म्हणजे सुमारे १.१ ओहम, जाऊन-येऊन २.२. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ३५० ओहमचा गेज आणि गेज फॅक्टर २ धरला तर वायर एक अंशाने तापली की १२ मायक्रोस्ट्रेन खोटे दिसतात. सावलीतली केबल उन्हात वीस अंशांनी तापली तर २४०. आपला टिपर जेवढा स्ट्रेन देणार, जवळपास तेवढाच. तिसरी वायर घातली की हा भाग ब्रिजच्या दोन शेजारच्या भुजांत वाटला जाऊन रद्द होतो.

संवेदनशीलतेतली घट मात्र उरते. ३५० भागिले ३५१.१, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. ती सॉफ्टवेअरमध्ये भरा.

आता शंट, म्हणजे ठरावीक रोध जोडून मुद्दाम खोटा स्ट्रेन दाखवणे. १,७४,६५० ओहमचा रोध ३५० ओहमच्या, गेज फॅक्टर २ असलेल्या गेजला समांतर जोडला की पडद्यावर १००० मायक्रोस्ट्रेन दाब दिसला पाहिजे. तो जोडणीपेटीत नव्हे, गेजच्या टोकाशी जोडा, म्हणजे केबलसकट सगळी साखळी तपासली जाते.

सावधान: शंट बरोबर आला म्हणजे कॅलिब्रेशन झाले असे समजू नका. शंटने वायरी आणि यंत्र तपासले जाते. गेज नीट चिकटला आहे का आणि गर्डरला किती भार जातो, याबद्दल शंट काहीच सांगत नाही.

## ५. आधी उभा, मग रांगता टिपर

साबांखाची (सार्वजनिक बांधकाम खात्याची) परवानगी आणि वाहतूक पोलिसांची वेळ आधी ठरवून घ्या. चवथीच्या किंवा शिगम्याच्या आठवड्यात हे काम ठेवू नका. रस्ता सलग अर्धा तासही मोकळा मिळणार नाही.

रस्त्यावर चुन्याने एक सरळ रेघ मारा. डावे पुढचे चाक प्रत्येक फेरीत त्याच रेघेवरून जायला हवे. चाक वीस-तीस सेंटिमीटर बाजूला गेले तरी गर्डरांमधली वाटणी बदलते. चारही गर्डरांवर गेज लावले ते याचसाठी. एकेका गर्डरचा स्ट्रेन बदलला तरी चारांची बेरीज फारशी हलत नाही. भार काढायला ती बेरीजच वापरा.

पहिल्यांदा टिपर मध्यावर उभा करा. तीस सेकंद थांबा, नोंद घ्या, मागे घ्या. शून्य परत आले का बघा. तीनदा करा.

मग रांगत्या फेऱ्या: ताशी ५ किलोमीटर, पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेक अजिबात नाही. चालकाला आधीच नीट सांगून ठेवावे, "मामा, साकव संपून पुढच्या झाडापर्यंत पाय तसाच ठेवा." पाच फेऱ्या. यातून प्रभाव रेषा काढायची, म्हणजे एक टन एक्सल गाळ्यावर कुठे असताना किती स्ट्रेन येतो याचा आलेख. एक्सलांची वजने आणि अंतरे माहीत आहेत. प्रत्येक क्षणीचा स्ट्रेन म्हणजे तीन एक्सलांच्या वजनांचा त्या-त्या जागेच्या प्रभावाशी गुणाकार आणि त्यांची बेरीज. अज्ञात फक्त प्रभाव रेषा. गाळा १० सेंटिमीटरच्या तुकड्यांत पाडा, टेकूंच्या पलीकडे एकेक मीटर जादा घ्या आणि पाचही फेऱ्या एकत्र घालून लघुतम वर्गाने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल असे, सोडवा.

इथे पुस्तकातली त्रिकोणी रेषा वापरण्याचा आग्रह धरू नका. खाऱ्या हवेत गर्डरांच्या टेकूंवरची बेअरिंगे गंजून अडकलेली असतात, टेकू थोडेफार बांधल्यासारखे वागतात आणि खरी रेषा टोकांशी वळते. मोजलेली रेषाच खरी माना.

तपासा: टेकूंच्या बाहेर रेषा शून्यावर बसते का? तिच्यात करवतीसारखे दात आहेत का? दात असतील तर एक्सलांची अंतरे किंवा वेग चुकला आहे. मागे जा.

## ६. वेगातल्या फेऱ्या

नोंदीचा दर सेकंदाला किमान २००, शक्यतो ५००, आणि यंत्रातला अँटी-एलियासिंग फिल्टर (नोंदीच्या दराला न झेपणारी वेगवान कंपने गाळणारा) चालू. जनित्र साकवापासून लांब ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण आलेखात शिरते.

ताशी २०, ३० आणि ४० किलोमीटर, प्रत्येक वेगाला आठ ते दहा फेऱ्या. इतक्या कशासाठी? ताशी ४० च्या वेगाने टिपर साकवावर जेमतेम दीड सेकंद असतो. गाडीचा डोलारा सेकंदाला दीड ते चार वेळा वरखाली होतो, म्हणजे एका फेरीत त्याची दोन ते सहाच आवर्तने मिळतात आणि शेवटचे अर्धवट राहते. एका फेरीच्या सरासरीवर म्हणूनच विसंबता येत नाही.

साकवाच्या दोन्ही तोंडांशी चाक ओळखणाऱ्या पट्ट्या लावा आणि त्यांची नोंद स्ट्रेनच्या त्याच यंत्रात घ्या. वेगळ्या लॅपटॉपवरचे घड्याळ नको. अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे या वेगात साडेपाच मीटर.

शक्य असेल तर टिपरवरही त्वरणमापक बसवा, एक एक्सलवर आणि एक त्याच्या बरोबर वर चासिसवर. भार म्हणजे स्थिर वजन, अधिक वरच्या वस्तुमानाला त्याच्या त्वरणाने गुणून येणारे बल, अधिक एक्सल-चाकांचे तसेच बल. पुढच्या ७ टनांपैकी ६.३ टन कमानीच्या वर धरले आणि चासिसचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असले, तर एवढ्यानेच ६.३ किलोन्यूटन वाढतात, म्हणजे ९ टक्के. हा अंदाज ढोबळ असतो, पण पुढच्या टप्प्यात ताळा घ्यायला याच्याइतके दुसरे काही नाही.

तपासा: पट्ट्यांवरून काढलेली एक्सलांची अंतरे टेपच्या मापाशी जुळतात का? वेग जितके टक्के चुकेल तितके टक्के अंतरही चुकते. न जुळणारी फेरी टाकून द्या.

## ७. भार परत उभा करणे

शून्य. टिपर यायच्या आधीचे पाच सेकंद आणि गेल्यावर थरथर विरल्यानंतरचे पाच सेकंद घ्या, त्यांना जोडणारी सरळ रेघ वजा करा.

साकवाची स्वतःची थरथर. टिपर बाहेर पडल्यावरचा शेपटीसारखा भाग वेगळा काढा. त्यातून नैसर्गिक वारंवारता आणि अवमंदन (थरथर किती लवकर विरते ते) मोजा. हे दोन आकडे लिहून ठेवा.

स्थिर भाग वजा करणे. प्रभाव रेषा आणि काट्यावरची वजने वापरून त्याच वेगाला अपेक्षित स्ट्रेन काढा आणि मोजलेल्यातून वजा करा. उरतो तो गतिशील भाग.

अनेक जण इथे सरळ फिल्टर लावून मोकळे होतात. फिल्टर लावायचाच असेल तर पुढून आणि मागून दोन्हीकडून चालवा, नाहीतर टोक पुढे सरकते. आणि १.४ मीटरवरच्या जोड एक्सलचे दोन उंचवटे ताशी ४० च्या वेगाला ८ हर्ट्झच्या जवळ असतात. २ हर्ट्झचा फिल्टर लावलात तर ते दोन्ही पुसले जातात.

दुसरी चूक म्हणजे आयआरसी ६ या, पुलांवरच्या भारांच्या भारतीय संहितेतल्या आघात गुणांकाने भागणे. पोलादी पुलाला त्या संहितेतल्या 'वर्ग अ' या ठरावीक भारासाठी तो ९ भागिले (१३.५ + गाळा) असतो, १२ मीटरला ०.३५. तो आकडा रचना करताना सुरक्षिततेसाठी धरायचा असतो. तुमच्या टिपरने त्या दिवशी ३५ टक्के जादा भार टाकला असे तो म्हणत नाही.

उलटा प्रश्न सोडवणे. आता प्रभाव रेषा माहीत आहे, प्रत्येक क्षणीचा एक्सलभार अज्ञात. जोड एक्सल एकच भार समजा, कारण इतक्या जवळचे दोन भार एकमेकांचे वजन पळवतात. बेरीज बरोबर येते आणि वाटणी बिघडते. मग दोन अज्ञात आणि सहा गेज, हे सुटण्यासारखे आहे.

तरीही सरळ भागाकार केला तर आलेख वेडावाकडा येईल. टेकूपासून अर्ध्या मीटरवर एक टन म्हणजे दीड मायक्रोस्ट्रेन, हे आठवा. तिथे नोंदीत २ मायक्रोस्ट्रेनचा गोंगाट असला तरी उत्तरात एक टनाहून जास्त चूक होते. म्हणून दोन गोष्टी करा. गाळ्याच्या दोन्ही टोकांचा एक-एक मीटर हिशेबातून वगळा. आणि टिखोनोव्ह पद्धतीचे नियमन वापरा, म्हणजे मोजमापाशी जुळणे आणि भार उगाच उड्या न मारणे या दोहोंचा मेळ. किती नियमन, ते एका गुणकावर ठरते. निरनिराळे गुणक घेऊन एका अक्षावर चूक आणि दुसऱ्यावर भाराचा खडबडीतपणा मांडा. आलेख इंग्रजी एल अक्षरासारखा होतो, त्याच्या कोपऱ्याजवळचा गुणक घ्या. एका फेरीवर गुणक ठरवा आणि सगळ्या फेऱ्यांना तोच लावा. फेरीगणिक बदललात तर हवे ते उत्तर काढता येते, आणि मग त्या उत्तराला काही अर्थ राहत नाही.

तपासा: परत उभ्या केलेल्या भारात कोणत्या वारंवारता दिसतात? दीड ते ४ हर्ट्झ म्हणजे गाडीचा डोलारा, ८ ते १५ म्हणजे एक्सलची उडी. पण साकवाच्या नैसर्गिक वारंवारतेवर मोठा उंचवटा असेल तर ते टिपरचे बल नाही. साकवाचे स्वतःचे जडत्व तुमच्या उत्तरात शिरले आहे. स्थिर प्रभाव रेषेत जडत्व नसतेच. अशा वेळी मोजलेली वारंवारता आणि अवमंदन घालून पुलाचे कंपन-प्रतिमान (थरथरीचे गणिती मॉडेल) जोडा आणि पुन्हा सोडवा.

त्वरणमापक लावले असतील तर त्यांचा भार याच आलेखावर टाका. चढउतार एकाच वेळी येत असतील तर मार्ग बरोबर आहे.

## ८. गुणांक आणि पडताळा

परत उभा केलेला भार प्रभाव रेषेतून पुढे चालवा, पुलाचे प्रतिमान जोडले असेल तर त्यातूनही, आणि आलेला स्ट्रेन मोजलेल्याशी ताडून बघा. सगळ्या वेगांच्या सगळ्या फेऱ्यांमधल्या भारांची सरासरी काढा आणि ती काट्याच्या वजनाशी ताडून गुणांक काढा. हा गुणांक रांगत्या फेऱ्यांतून आलेल्या गुणांकापासून दोन-तीन टक्क्यांत असला पाहिजे. वेगाबरोबर तो एकाच दिशेने सरकत असेल तर वेगमापनात किंवा वेळेच्या जुळणीत दोष आहे. गुणांकाला वेगानुसार दुरुस्ती लावून तो दोष झाकू नका.

मग दुसरा टिपर आणा, वेगळ्या वजनाचा, आधी कुठेच न वापरलेला. चिऱ्यांची सहाचाकी गाडी उत्तम. तिचे वजन गेजवरून काढून बंद पाकिटात ठेवा आणि त्यानंतरच तिला काट्यावर न्या. एकूण वजन पाच टक्क्यांत आले तर काम पक्के. एकेकट्या एक्सलचा फरक याहून मोठा येतो, तो तसाच नोंदवा.

## ९. पुन्हा केव्हा

पाऊस संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा. पावसाळ्यात बेअरिंगे आणखी अडकतात किंवा गाळ भरून टेकूंची वागणूक बदलते. मे महिन्याच्या दुपारी डांबर इतके मऊ होते की सकाळची आणि दुपारची प्रभाव रेषा तंतोतंत जुळत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण प्रयोग लागत नाही. तोच टिपर, तीच चुन्याची रेघ, पाच रांगत्या फेऱ्या. रेषेचा आकार बदलला असेल तरच वेगाच्या फेऱ्या पुन्हा घ्या. आणि नोंदवहीत प्रत्येक फेरीसमोर हवेचे तापमान, गर्डरचे तापमान आणि घड्याळाची वेळ लिहा.